घाटाचा राजा काय खातो, काय पितो?

दरवर्षी जुलै महिन्यात फ्रान्समध्ये 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत होते. तीन आठवडे चालणारी, डोंगरदऱ्यांतून जाणारी. आरोग्याच्या पानावर सायकलची शर्यत कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की वस्तीत आम्ही आरोग्याची बैठक घेतली की एक मागणी हमखास होते : "सिस्टर, फार अशक्तपणा आलाय हो, एक सलाइन लावून द्या ना." कोणी ताकदीचे इंजेक्शन मागतो, कोणी अंगदुखीची 'कडक' गोळी. कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून थकलेले शरीर उद्या सकाळी पुन्हा उभे करायचे असते.

शरीराला जितके कष्ट सोसवतात तितके सगळे या शर्यतीत पडतात. जगातले सर्वांत दणकट सायकलपटू तिथे रोज चार-पाच तास घाम गाळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसतात. त्यांना थकवा घालवायला सलाइन लावायची परवानगी नाही. ताकदीची सुई टोचायलाही मनाई आहे. मग ते उभे राहतात कशावर? आणि ही बंदी आली कशी? त्यासाठी एका माणसाचा जीव गेला, ते आधी समजून घेऊ.

शर्यत कशी असते

ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर अंतर होते. ६० जण निघाले, २१ जणच शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आलेला मोरिस गारँ हा आधी धुराडी साफ करणारा कामगार होता. आता शर्यत २१ टप्प्यांची असते. एका दिवशी एक टप्पा, मध्ये दोन दिवस विश्रांती, एकूण सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. प्रत्येकाचा रोजचा वेळ मोजून बेरीज करतात. ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी, तो पिवळा सदरा घालतो.

खरा कस लागतो तो पिरेनीज आणि आल्प्स या पर्वतांत. १९१० मध्ये शर्यत पहिल्यांदा २,११५ मीटर उंचीच्या तूरमाले घाटावरून गेली. तेव्हा रस्ते खडीचे, सायकली जड. आल्प्समधल्या गालिबिए घाटाची उंची २,६४२ मीटर आहे. आपल्याकडच्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तसाच मान तिकडेही आहे. त्या मानकऱ्याचा सदरा पांढरा, त्यावर लाल ठिपके.

चढ टक्क्यांत मोजतात. ८ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की ८ मीटर वर चढलात. आल्प द्युएझ नावाचा प्रसिद्ध चढ १३.८ किलोमीटर लांब असून सरासरी ८ टक्क्यांचा आहे. त्यात २१ वळणे आहेत. डोक्यावर विटा घेऊन जिना चढणाऱ्या बाईला किंवा भरलेली हातगाडी पुलावर ओढणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. सपाटीवर गाडी थोडी तरी पळते. चढावर थांबलात की गाडी मागे येते.

चढावर शरीरात काय होते

स्नायू काम करतात तेव्हा त्यांना साखर आणि प्राणवायू लागतो. अन्नातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. हा साठा साधारण अर्धा किलोच्या आत असतो आणि जोरात काम केले तर दीड-दोन तासांत संपत येतो. साठा संपला की डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय थरथरतात, चिडचिड होते, पाय उचलत नाहीत. सकाळी नुसता चहा घेऊन कामावर गेलेल्या माणसाला अकरा वाजता जे होते, तेच हे. त्याला आपण 'कमजोरी' म्हणतो. बहुतेक वेळा ती उपासमार असते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. स्नायू जी शक्ती वापरतात तिचा मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. ती उष्णता रक्त कातडीपर्यंत आणते, घाम येतो, घाम वाळतो आणि अंग गार होते. उन्हात कष्ट करणाऱ्याचा तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. घामाबरोबर मीठही जाते. चढावर सायकलचा वेग कमी असतो, त्यामुळे वारा लागत नाही आणि घाम वाळत नाही. पाणी कमी पडले की रक्त कमी पडते. मग हृदयाने ते स्नायूंना पुरवायचे की कातडीला? शरीर एका मर्यादेपर्यंत दोन्ही सांभाळते. त्यापुढे अंगातला ताप वाढू लागतो.

याच वेळी शरीर इशारे देते. तहान, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, चक्कर. थकवा हाही इशाराच आहे. आता थांब, पाणी पी, सावलीत बस, असे शरीर सांगत असते.

१३ जुलै १९६७

टॉम सिम्प्सन हा इंग्लंडमधल्या कोळसा खाण कामगाराचा मुलगा. १९६५ मध्ये तो जगज्जेता झाला होता. १९६७ च्या शर्यतीत त्याला वरचा क्रमांक हवा होता. क्रमांक आला की पुढच्या हंगामाचे करार चांगले होणार, घर चालणार. वय २९. आपले शरीर हेच आपले भांडवल, हे त्याला चांगले ठाऊक होते.

त्या वर्षी शर्यत चालू असतानाच त्याचे पोट बिघडले. जुलाब होत होते, खाल्लेले अंगी लागत नव्हते. तरी तो थांबला नाही. १३ जुलैला मार्सेय ते कार्पांत्रा हा २११ किलोमीटरचा टप्पा होता आणि वाटेत मोंव्हांतू हा उघडाबोडका डोंगर. त्याची उंची १,९०० मीटरहून अधिक. वरच्या भागात झाड नाही, सावली नाही. पांढऱ्या दगडांवरून ऊन परत अंगावर येते. त्या दिवशी पारा ४० अंशांच्या पुढे होता.

त्या काळी आयोजकांचा नियम होता की एका सायकलपटूला दिवसभरात पाण्याच्या चारच बाटल्या मिळतील, म्हणजे सुमारे दोन लिटर. जास्त पाणी प्यायल्याने माणूस सुस्त होतो, असा समज सायकलपटूंतही होता. तहानलेले सायकलपटू वाटेतल्या उपाहारगृहांत घुसून हाताला लागेल ती बाटली उचलत. सिम्प्सनने चढ सुरू होण्याआधी ब्रँडी घेतली होती. खिशात अ‍ॅम्फेटामिनच्या, म्हणजे तरतरी आणणाऱ्या गोळ्या होत्या.

शिखर जेमतेम एक-दीड किलोमीटर राहिले असताना त्याची सायकल रस्त्यावर नागमोडी जाऊ लागली. तो पडला. मदतनीसाने थांबायला सांगितले, पण त्याला पुढे जायचे होते. त्याला पुन्हा सायकलवर बसवून दिले. काहीशे मीटर गेल्यावर तो परत कोसळला. शुद्ध हरपली होती, तरी हातांनी हँडल धरून ठेवले होते. बोटे सोडवावी लागली. शर्यतीचे डॉक्टर पिएर द्युमा यांनी तोंडाने श्वास दिला, हेलिकॉप्टरने आव्हिन्योंच्या रुग्णालयात नेले, पण तो वाचला नाही. शवविच्छेदनात अ‍ॅम्फेटामिन आणि मद्य दोन्ही सापडले.

असे काही घडेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, असे म्हणता येत नाही. बारा वर्षांपूर्वी, १९५५ मध्ये, त्याच डोंगरावर जाँ मालेजाक नावाचा सायकलपटू असाच बेशुद्ध पडला होता. त्याला याच डॉक्टर द्युमांनी वाचवले होते. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, पेलिसिए या भावांनी शर्यत अर्ध्यात सोडली आणि आल्बेर लोंद्र या पत्रकारापुढे आपली पिशवी रिकामी केली. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि डब्या भरून गोळ्या. कशाच्या जोरावर शर्यत चालते, हे तेव्हापासून छापून आले होते.

त्याला कोणी मारले?

परिचारिकेच्या नजरेने पाहिले तर मृत्यूचे कारण एक नाही. जुलाबाने अंगातले पाणी आणि मीठ आधीच गेले होते. उन्हात घाम गेला. प्यायला पाणी मोजून मिळाले. दारूने लघवीवाटे आणखी पाणी जाते. आणि या सगळ्यावर ती गोळी. अ‍ॅम्फेटामिन थकवा दूर करत नाही, थकव्याची जाणीव दाबते. शरीराची उष्णता वाढवते, कातडीकडे जाणारे रक्त कमी करते. घरात आग लागली आणि कोणी आधी घंटाच बंद करून टाकली, तसा हा प्रकार. शरीर थांब म्हणत होते, पण त्याला ते ऐकूच आले नाही.

यातली गोळी त्याने स्वतः घेतली. पाण्याचा नियम मात्र दुसऱ्यांनी केला होता. माणूस कष्ट करतो तेव्हा त्याने किती पाणी प्यावे हे त्याची तहान ठरवणार, की काम करून घेणारा? आपल्या आयाबहिणी बांधकामावर, कचरा वेचताना, बाजारात भाजी विकताना दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण आसपास शौचालय नाही. आठ-दहा तास लघवी दाबून ठेवतात. मग जळजळ, ताप, कंबरदुखी, मूत्रमार्गाचा संसर्ग. त्यांना कोणी चार बाटल्यांचा नियम लिहून दिलेला नाही, पण शौचालय न ठेवणे म्हणजे तोच नियम. कायद्याने बांधकामावर कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि शौचालय देणे मालकावर बंधनकारक आहे. हे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

सुई बंद, गोळी बंद

सिम्प्सनच्या मृत्यूनंतर औषध तपासणी कडक होत गेली. तरी फसवणूक संपली नाही. पुढे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारी इंजेक्शने आली. १९९८ मध्ये मोठे प्रकरण उघडकीला आले. सलग सात वेळा जिंकलेल्या लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली. त्या इंजेक्शनने रक्त घट्ट होते आणि गुठळी होण्याचा धोका असतो.

या अनुभवातून तीन नियम झाले. आपल्या वस्तीने ते मुद्दाम ऐकावेत.

पहिला नियम सुईचा. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०११ मध्ये आजाराच्या खऱ्या कारणाशिवाय इंजेक्शन घेण्यावर बंदी घातली. थकवा जावा, तरतरी यावी म्हणून जीवनसत्त्वाचीसुद्धा सुई नको.

दुसरा नियम सलाइनचा. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार रुग्णालयातला उपचार किंवा शस्त्रक्रिया सोडून खेळाडूला १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन लावता येत नाही. आपल्याकडची नेहमीची बाटली ५०० मिलिलिटरची असते.

तिसरा नियम ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीचा. तिने गुंगी येते, तोल जातो, सवय लागते. सायकल संघटनेने २०१९ मध्ये शर्यतीत तिच्यावर बंदी घातली आणि २०२४ पासून इतर खेळांच्या स्पर्धांतही ती बंद झाली. भारतात २०१८ पासून ही गोळी अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. तरीही हमाली, गाडी चालवणे, रात्रपाळी करणाऱ्या पोरांच्या खिशात ती सापडते.

आता सलाइनच्या बाटलीत काय असते, ते बघू. मिठाच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा चमचाभरसुद्धा नाही. ग्लुकोजच्या नेहमीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. त्यातून १०० कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. एका मध्यम भाकरीत त्याहून जास्त असतात. लाल-पिवळ्या रंगाचे औषध बाटलीत सोडले की ताकदीचे वाटते, पण तो बहुतेक जीवनसत्त्वांचा रंग असतो. या पाण्यासाठी आपण दोन-तीन दिवसांची मजुरी मोजतो. वर सुई स्वच्छ नसेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा धोका.

काही ठिकाणी डिग्री नसलेले लोक 'ताकदीच्या' नावाखाली स्टिरॉइडची सुई देतात. दोन दिवस खरेच बरे वाटते. सूज उतरते, भूक लागते. वारंवार घेतली तर साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, संसर्ग झाकला जातो. शर्यतीतही स्टिरॉइडच्या सुयांवर बंदी आहे.

सलाइन वाईट नाही. सतत उलट्या होत असतील, रुग्ण शुद्धीवर नसेल, जुलाबाने डोळे खोल गेले असतील, शस्त्रक्रिया असेल, तर सलाइन जीव वाचवते. पण ते डॉक्टरने तपासून ठरवायचे. शुद्धीवर असलेल्या, गिळता येणाऱ्या माणसाला पाणी तोंडानेच द्यायचे.

तोंडाने दिलेले पाणी किती काम करते?

सिम्प्सनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धातले लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपू लागल्या. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटे भरली, पाण्यात कालवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिली. जिथे शंभरात सुमारे ३० माणसे दगावत होती, तिथे हे प्रमाण ४ च्या खाली आले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

यामागचे शास्त्र सोपे आहे. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र आले की ते एकमेकांचा हात धरून रक्तात शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. तूर द फ्रान्समधल्या सायकलपटूच्या बाटलीतही हेच असते : पाणी, साखर, मीठ. रंग आणि वास वेगळा, किंमत जास्त.

सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत, आशाताईंकडे ओआरएसची पाकिटे मोफत मिळतात. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ते पूर्ण पाकीट कालवा. पाकीट नसेल तर :

स्वच्छ पाणी १ लिटर, साखर चहाचे ६ सपाट चमचे, मीठ चहाचा अर्धा सपाट चमचा. नीट ढवळा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर टाकून द्या. तयार केलेले पाणी २४ तासांत संपवा.

मीठ ताक, भाताची पेज, लिंबू सरबत हेही चांगले. कॅफिन असलेली 'एनर्जी'ची कॅनमधली पेये म्हणजे ओआरएस नव्हे. उलट्या बाजूनेही जपावे. फार घाम गेल्यावर मीठ न घेता नुसते पाणी लिटरवर लिटर पीत राहिलात तर रक्तातले मीठ पातळ होऊन डोकेदुखी, उलटी, झटके येऊ शकतात. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर रोज मीठ-साखरेचे पाणी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाणी पुरते की नाही हे ओळखायला सायकलपटू टप्प्याआधी आणि नंतर वजन करतात. आपण लघवीचा रंग बघावा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडते आहे. चहासारखी तपकिरी झाली तर लगेच दवाखाना.

झोळीतला भात

डोंगराच्या दिवशी सायकलपटूला ६,००० ते ८,००० कॅलरी लागतात. सकाळी भात, पास्ता, ओट्स, अंडी. टप्प्याच्या मध्ये ठरावीक जागी मदतनीस उभे राहतात आणि जाता जाता त्यांच्या खांद्यावर कापडी झोळी अडकवतात. त्या झोळीत केळी असतात, गोड पदार्थ असतात आणि चिकट भात दाबून केलेल्या वड्या असतात. होय, भात. संघाचा स्वयंपाकी त्या सकाळी कापून कागदात गुंडाळतो. भूक लागायच्या आधी, दर वीस-तीस मिनिटांनी थोडे थोडे खायचे, असा शिरस्ता आहे.

आपल्याला आठ हजार कॅलरी लागत नाहीत, पण शिरस्ता आपल्याही उपयोगाचा आहे. नुसता चहा-बिस्कीट घेऊन कष्टाला जाऊ नका. भाकरी आणि कालचे कोरड्यास चालेल. चणे-गूळ, शेंगदाणे, केळे, उकडलेले अंडे खिशात किंवा डब्यात ठेवा. काम संपल्यावर तासाभरात जेवा. डाळ, कडधान्य, अंडी, मासे, मटण, जे परवडेल ते. झिजलेला स्नायू त्यातूनच भरून येतो.

बायकांबद्दल वेगळे सांगायचे आहे. २०२२ पासून बायकांची तूर द फ्रान्स दरवर्षी होते. त्यांनीही तूरमाले आणि आल्प द्युएझ चढून दाखवले. या खेळात वजन कमी ठेवण्याचा दबाव फार असतो आणि कमी खाऊन जास्त कष्ट करणाऱ्या मुलींची पाळी थांबते, हाडे कमजोर होतात, रक्त कमी होते, हे आता डॉक्टर उघडपणे बोलतात. आपल्या घरात ती वजनासाठी उपाशी राहत नाही. ती सर्वांत शेवटी, उरलेले खाते. परिणाम तोच होतो. पाळी अनियमित झाली, दम लागतो, नखे पांढरी दिसतात, माती किंवा बर्फ खावासा वाटतो, तर रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. आणि डाळीची वाटी घरातल्या सगळ्यांना सारखी वाढा.

झोपेचेही तसेच आहे. सायकलपटू रात्री आठ-नऊ तास झोपतात. काही संघ हॉटेलात स्वतःच्या गाद्या घेऊन जातात. पत्र्याच्या खोलीत, डासांत, रात्रपाळीनंतर तशी झोप आपल्याला कुठली? तरी घरातल्या कष्टकरी माणसाच्या झोपेच्या वेळी टीव्ही बंद ठेवणे आपल्या हातात आहे.

ऊन लागले तर

उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागला, अंग तापून लालभडक झाले, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असला तरी उष्माघात असू शकतो. पटापट हे करा :

१. काम थांबवा, सावलीत न्या. "जरा बसला की बरा होईल" म्हणून परत कामाला लावू नका.

२. १०८ ला फोन करा.

३. गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. मान, काखा, जांघा यांत ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. सायकलपटूंच्या मानेवर पायमोज्यात भरलेला बर्फ दिसतो तो याचसाठी.

४. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा.

५. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. दारू, तंबाखू, चहा काही देऊ नका.

अंगातले पाणी आटलेले असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आधी पाणी, आधी विश्रांती.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. १,६०० मीटर किंवा ८०० मीटरची धाव गोळीवर निघत नाही, महिनोन्‌महिन्यांच्या सरावावर निघते. मैदानाबाहेर कोणी सुई देऊ केली तर घेऊ नका. जुलाब किंवा ताप असेल त्या दिवशी जिवावर उदार होऊन पळू नका.

घाट एकट्याने चढू नये

डोंगराच्या टप्प्यात पुढे पळणाऱ्यांवर सगळ्यांचे डोळे असतात. मागे एक वेगळाच घोळका चालतो. चढ न जमणारे, दुखावलेले, थकलेले सायकलपटू वेगवेगळ्या संघांचे असूनही एकत्र येतात. विजेत्यानंतर ठरावीक वेळेत पोहोचले नाही तर शर्यतीबाहेर काढतात, म्हणून ते एकमेकांचा वेग सांभाळत, पाणी वाटून घेत वेळेत पोहोचतात. या घोळक्याला इटालियन भाषेत 'ग्रुपेतो' म्हणतात. पुढे पळणाऱ्या नेत्याच्याही मागे सात सहकारी असतात. कोणी त्याच्यासाठी वारा अडवतो, कोणी गाडीपर्यंत मागे जाऊन सदऱ्यात बाटल्या कोंबून आणतो. शिवाय डॉक्टरची गाडी मागे असते.

उताराचेही एक सांगून ठेवतो. १९९५ मध्ये फाबिओ कासार्तेली हा ऑलिम्पिक विजेता पिरेनीजच्या उतारावर पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. तो गेला. २००३ पासून व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले. डिलिव्हरीच्या दुचाकीवर दिवसभर फिरणाऱ्या मुलाने हेल्मेट पोलिसासाठी घालू नये, डोक्यासाठी घालावे. पट्टा लावून.

कामावर जाताना जोडी ठरवा. एकाने दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचे : पाणी प्यायला का, बोलणे नीट आहे का, चाल नीट आहे का. ऊन लागलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही, बरोबरच्याला कळते. सिम्प्सन पडला तेव्हा थांब म्हणणारा माणूस शेजारी होता. त्याचे ऐकले गेले नाही.

या महिन्यात प्रत्येक वस्तीने एवढे करावे. विहारात किंवा समाजमंदिरात ओआरएसची पाकिटे, लिटरची एक खूण केलेली बाटली आणि एक चमचा ठेवा. आशाताईंना बोलावून मीठ-साखरेचे पाणी करून दाखवा आणि मुलांकडून करून घ्या. जिथे वस्तीतले दहा-बारा जण एका ठेकेदाराकडे कामाला आहेत, तिथे सगळ्यांनी मिळून पिण्याचे पाणी, सावली आणि शौचालय लेखी मागा. आणि पुढच्या वेळी कोणी "सलाइन लावून द्या" म्हणाले की आधी विचारा : सकाळपासून काय खाल्ले? पाणी किती प्यायलात? रात्री झोप झाली का?

मोंव्हांतूवर सिम्प्सन पडला त्या जागी दगडी स्मारक आहे. त्या वाटेने जाणारे सायकलस्वार थांबतात आणि तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात.